द्राक्षाच्या पानांचे व्हेज डोलमे: पौष्टिक म्हणून रोज खावेत का?

शारजाकर: मी पूर्ण शाकाहारी, इथे ऑफिसशेजारी लेबनीज हॉटेलात वरक एनब मिळतात, द्राक्षाच्या पानात तांदूळ, टोमॅटो, पार्सली, पुदिना भरून लिंबू आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवलेले, बिनमटणाचे, गारच खातात. फार आवडतात, आता सुपरमार्केटातले डबेही आणतो. जेवण म्हणून धरता येतील का? बीपी थोडं वर असतं म्हणून विचारतोय.

अन्नपूर्णा७: पान उत्तमच आहे हो, १०० ग्रॅम ताज्या पानात ११ ग्रॅम फायबर, साडेपाच ग्रॅम प्रोटीन, ३६० मिग्रॅ कॅल्शियम, पण एक पान जेमतेम ३-४ ग्रॅमचं, म्हणजे सहा डोलमे खाल्ले तरी पानं २०-२५ ग्रॅमच, बाकी सगळा पांढरा भात आणि तेल. तेल चांगलं असलं तरी एका टेबलस्पूनला १२० कॅलरी लागतातच. तुमच्यासाठी खरा प्रश्न मिठाचा आहे. डब्यातली पानं खारवलेली असतात, १०० ग्रॅमला २८०० मिग्रॅच्या वर सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० च्या आत ठेवा म्हणते. रोज नकोच, आणि लेबल वाचल्याशिवाय डबा घेऊ नका प्लीज. घरी केलेत तर पानं गरम पाण्यातून काढून पाणी बदलत भिजवा, सारणात मीठ घालू नका. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच, पानात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

शारजाकर: गोळी फक्त बीपीची आहे. मग प्रोटीनचं काय? आणि दिवाळीत नाशिकला येतोय, काकांच्या बागेतली ताजी पानं आणली तर मिठाचा प्रश्नच मिटेल ना?

अन्नपूर्णा७: लेबनॉनमध्ये बिनमटणाच्या सारणात छोलेही घालतात, ते वाढवा आणि तांदूळ कमी करा, सोबत वाटीभर घट्ट दही. मग जेवण म्हणता येईल.

बागायतदार_निफाड: दादा, बागेतली पानं नका नेऊ. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या चालूच असतात आणि औषध मारल्यावर किती दिवस थांबायचं हे मण्यांसाठी ठरवलेलं असतं, पानांसाठी नाही. नुसतं धुवून सगळं जात नाही, काही औषधं आत शिरतात. द्राक्षाची जात मात्र अगदी योग्य आहे, तुर्कस्तानात ज्या सुल्ताना जातीची पानं भरायला वापरतात तीच आपली थॉमसन. काकूंना अंगणात एक वेल बिनफवारणीची ठेवायला सांगा, शेंड्यापासून तिसरं-चौथं पान घ्या, जून पान चिवट लागतं.