मदत हवी आहे: शाकाहारी पाककृतींमधले प्रथिनांचे आकडे कसे तपासायचे?

नमस्कार. माझी लेक 15 वर्षांची आहे, दहावीत. गेल्या महिन्यात तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.8 आलं, बी-12 पण कमी. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, त्याबद्दल शंका नाही. पण जेवणही सुधारा, दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, असं ते म्हणाले. आमच्याकडे अंडं चालत नाही. म्हणून नेटवर 'हाय प्रोटीन शाकाहारी डबा' शोधून पंधरा दिवस तेच करत होते.

परवा वजनकाटा घेऊन बसले आणि धस्स झालं. मूगडाळीच्या एका धिरड्यात 15 ग्रॅम प्रथिनं, असं पाककृतीत लिहिलेलं. माझी वाटीभर कोरडी डाळ 120 ग्रॅम भरली. 100 ग्रॅम मूगडाळीत 24 धरले तर अख्ख्या वाटीत 29 ग्रॅम. तिची धिरडी झाली आठ! मी दोन धिरडी डब्यात देऊन 30 ग्रॅम गेले असं समजत होते, प्रत्यक्षात जात होते सात.

वरणाचंही तसंच. 100 ग्रॅम तूरडाळीत 22 ग्रॅम, हे कोरड्या डाळीचं. शिजताना ती पाणी पिते. आमच्या वाटीभर वरणात जेमतेम 30 ग्रॅम डाळ असते, म्हणजे साडेसहा ग्रॅम. बऱ्याच ठिकाणी कोरड्या डाळीचा आकडा थेट शिजलेल्या वरणाला लावलेला दिसतो.

लोहाचं तर विचारूच नका. बीटाचे पराठे 'रक्त वाढवणारे' म्हणून आठवड्यातून तीनदा केले. 100 ग्रॅम बीटात लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. रंगावर विश्वास ठेवला मी. आणि इडली-डोशाच्या आंबवण्यातून बी-12 मिळतं असं वाचून दही-ताकाकडे दुर्लक्ष केलं, याचं जास्त वाईट वाटतंय.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची तक्ता-पुस्तिका घेऊन हिशेब करते. पण त्यात बहुतेक कच्चे जिन्नस आहेत. तर जाणकारांनो,

शिजलेल्या पदार्थाचा हिशेब तुम्ही कसा करता? मी सगळं कच्चं वजन लिहून शेवटी वाढपांनी भागते, हे बरोबर आहे ना? मोड आलेली मटकी भिजून फुगते, तिचं वजन भिजवायच्या आधीच करायचं का?

लोखंडी कढईत आमटी केली की लोह उतरतं, पण ते हिशेबात धरावं का? सध्या मी ते सोडून देते. वरून लिंबू पिळते आणि जेवणानंतरचा तिचा चहा बंद केलाय.

आणि मुख्य म्हणजे, स्वतः वजन करून केलेले डब्याचे पदार्थ असतील तर ग्रॅमसकट लिहा. सोयाबीनचा वास तिला सहन होत नाही. पनीर, चणे, शेंगदाणे, मटकी आवडीनं खाते. सोमवारपासून सहामाही आहे, तेवढ्या आठवड्याचे डबे ठरले तरी मला खूप आधार होईल.