बाबांसाठी पक्ष्याचं जुनं, हाताने रंगवलेलं चित्र घ्यायचंय, बजेट ८ हजार

टिळकवाडीकर
बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. सुट्टी मिळाली की जांबोटीच्या रानात धनेश बघायला जायचे. त्यांना पक्ष्याचं अस्सल जुनं चित्र द्यायचंय. जार्डिनच्या (एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गपुस्तकांचा संपादक) मालिकेतला पोपट ऑनलाइन ६ हजाराला बघून ठेवलाय. ८ च्या वर जमणार नाही. अस्सल कसं ओळखायचं? आणि आपल्या पावसात टिकेल काय?

निपाणीकर
जार्डिनची चित्रं पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी, भिंतीवर दिसत नाहीत. मी गूल्डचा (पक्ष्यांची मोठी चित्रपुस्तकं काढणारा इंग्रज) शिंजीर पक्षी घेतला, ३२ हजार पडले, फ्रेम वेगळी. येणारा प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबतो. थोडं थांबा, पैसे साठवा, पण मोठं एनग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, घ्या.

रानवाट_खानापूर
गूल्डचं एनग्रेव्हिंग नव्हे, शिळाछाप. दगडावर काढून छापायचं आणि मग हाताने रंगवायचं.
टिळकवाडीकर, दहापट भिंग घ्या. मला एकाने '१८५० चं' म्हणून विकलेलं भिंगाखाली बघितलं तर सगळीकडे बारीक ठिपके, ऑफसेटची, म्हणजे आजच्या यंत्राची छपाई! ११ हजार गेले, अजून राग जात नाही. हाताच्या रंगात ठिपके नसतात. रंग कुठेतरी रेषेबाहेर जातो, कुंचला थांबला तिथे कड दाट होते. धातूच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर चौकटीभोवती दाबाची खाचही असते, पण पुस्तकाची पानं कापताना ती जाते. म्हणून खाच नाही एवढ्यावरून नकली ठरवू नका.

निपाणीकर
शिळाछाप असू दे, माझं अस्सल आहे.

शहापूरची सून
आमच्या फ्रेमवाल्यानं चित्र हार्डबोर्डला डिंकानं पूर्ण चिकटवलं. तीन पावसाळ्यांत तांबूस डाग पडले, आता सोडवता येईना. सासऱ्यांची आठवण होती ती. आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) मागा, काच कागदाला टेकू देऊ नका, पावसाच्या बाजूच्या भिंतीला तर लावूच नका.

दांडेली_फेरी
धनेश बघणाऱ्या माणसाला पोपट कशाला? धनेशच शोधा. आमच्याकडे महाधनेश दिसतो, जांबोटीत काय, राखीच.

रानवाट_खानापूर
राखीच काय म्हणता? मलबारी राखी धनेश पश्चिम घाट सोडून जगात कुठे नाही.

अनगोळ_वाचक
मी तर जर्डनचं (जार्डिन नव्हे, हा वेगळा) भारतीय पक्ष्यांचं चित्रपुस्तक सुचवीन, त्यातलं चित्र. १८४३ ते ४७, मद्रासहून निघालेलं, ५० चित्रं, बरीचशी देशी चित्रकारांनी काढलेली. ८ हजारात मिळणार नाही, पण आपल्या मुलखातले पक्षी आहेत.
तो पोपट जार्डिनच्या १८३६ च्या खंडातला असेल तर मूळ चित्र इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअरचं आणि छपाईचा पत्रा कोरलेला एडिंबरोच्या लिझार्सने. अमेरिकेतल्या पक्ष्यांचा नामांकित चित्रकार ऑडुबॉन, त्याची पहिली दहा चित्रं लिझार्सनेच कोरली होती. लहान म्हणून टाकू नका. विक्रेत्याकडून पाठीमागचा आणि तिरप्या उजेडातला फोटो मागा, खाच असेल तर त्यात दिसेल.

निपाणीकर
तरी सांगतो, मोठं घ्या.

टिळकवाडीकर
पोपटच घेतला, ५,८०० ला. तिरप्या उजेडातला फोटो मागवला होता, खाच नाही, पण भिंगाखाली एकही ठिपका नाही. रंग फक्त पक्ष्याला, मागची फांदी नुसत्या काळ्या रेषांची. शेपटीच्या टोकाला हिरवा रंग रेषेबाहेर केसभर गेलाय. फ्रेम केलेली नाही. माउंटमध्ये ठेवून पेटीतच देणार, म्हणजे बाबांना हातात घेऊन बघता येईल.