वडिलांकडून आलेल्या जुन्या नाण्यांचे मूल्यांकन व विक्री : मार्गदर्शन हवे आहे

गिरगावकर :
नमस्कार. पुनर्विकासासाठी आमच्या चाळीतील खोली रिकामी करताना दिवंगत वडिलांच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे चांदीचे रुपये बऱ्यापैकी आहेत. त्यांतले काही लक्ष्मीपूजनात ठेवले जात असल्याने राणीच्या केसांच्या कोरीव कामात कुंकू घट्ट बसले आहे. शिवाय ‘श्री राजा’ एवढीच अक्षरे वाचता येतात अशी जाड, ओबडधोबड तांब्याची नाणी, फारसी लेख असलेला एक चांदीचा रुपया, मध्ये भोक असलेले पैसे, वाघाचे चित्र असलेले रुपये, आणि एका बाजूला हनुमान व दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेले एक नाणे आहे. या शेवटच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे चुलतभावाचे म्हणणे आहे. झवेरी बाजारातील एका पेढीने सर्व चांदी वजनावर घेण्याची तयारी दाखवली आहे. योग्य किंमत कशी ठरवावी आणि विक्री कोठे करावी?

नाणकप्रेमी, ठाणे :
सर्वप्रथम विनंती अशी की, वजनावर काहीही देऊ नका आणि काहीही घासू नका. चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट किंवा भांडी उजळण्याची पावडर यांपैकी कशानेही नाणे चकचकीत केले, तर धातूचा वरचा थर निघून जातो. जाणकार ग्राहक ते भिंगाखाली क्षणात ओळखतो आणि चांगल्या नाण्याची किंमत त्याच क्षणी निम्म्याहून खाली येते. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली काळसर-निळसर झाक हा मळ नसून नाणे अस्पर्श राहिल्याचा पुरावा आहे. कुंकवासाठी नाणी शुद्ध पाण्यात काही काळ बुडवून ठेवावीत आणि मऊ कापडावर टिपून घ्यावीत. तेवढ्याने निघेल ते निघू द्यावे, उरलेले राहू द्यावे.

आता ओळख. १९३९ पर्यंतच्या या रुपयांचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. म्हणजे प्रत्येक नाण्यात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या चांदीच्या दराने याला गुणले की तळाची किंमत कळते. पेढी त्यातूनही घट वजा करते, म्हणून ती किंमत हा सौद्याचा आरंभ समजावा, शेवट नव्हे. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा असून लोहचुंबकाला चिकटतो. उलट, जुना ‘चांदीचा’ रुपया चुंबकाला चिकटला तर तो नकली आहे, हे नि:शंक समजावे.

व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ ते पाहा. १८७७ पासून ‘एम्प्रेस’ आले. १८६२ चा आकडा दिसला की लोक हरखून जातात, परंतु पुढे कित्येक वर्षे टांकसाळीतून तोच आकडा असलेले रुपये निघत राहिले आणि बदलते साल १८७४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे नुसत्या १८६२ ला फार किंमत नाही. मागील बाजूच्या सालाजवळ असलेले बारीक ठिपके मात्र मोजून लिहून ठेवा, कारण त्यांवरून प्रकार ठरतो आणि काही प्रकार खरोखर दुर्मीळ आहेत. पाचव्या जॉर्जच्या नाण्यांत १९११ साल असेल तर ते वेगळे काढा. राजाच्या अंगरख्यावरील पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो, या तक्रारीमुळे ती नाणी परत घेण्यात आली आणि १९१२ पासून चित्र सुधारले. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया निघाला तर तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय आनंद करू नये, कारण तो अतिशय दुर्मीळ असला तरी त्याच्या नकला मुबलक आहेत.

तांब्याची नाणी ही शिवराई दिसते. पूर्ण लेख एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ असा असतो. तो साच्यापेक्षा लहान चकतीवर उमटवल्याने काही अक्षरे नेहमीच कडेबाहेर जातात. शिवराई पुढे पेशवाईतही दीर्घकाळ पाडली गेली. त्यामुळे नाव शिवछत्रपतींचे असले तरी बहुसंख्य नाणी त्यांच्या हयातीतील नसतात आणि घासलेल्या शिवराईला माफकच मोल येते. अक्षरांची घडण सुरेख आणि लेख जवळजवळ पूर्ण असेल तर गोष्ट निराळी. फारसी लेखाच्या रुपयावर अंकुशाचे चिन्ह आहे का, ते अवश्य पाहा. पेशव्यांच्या अमलातील अंकुशी रुपया त्यावरूनच ओळखला जातो, आणि मराठी घरातून तो निघणे अगदी शक्य आहे.

दादरचा वाचक :
हनुमानाच्या नाण्याविषयी. ते कंपनी सरकारचे चलन नाही, तीर्थक्षेत्री विकले जाणारे टोकन आहे. राजाच्या मुखवट्याचा, सर्व इलाख्यांसाठी एकसारखा कंपनीचा रुपया १८३५ मध्ये सुरू झाला. १८१८ साल घातलेली राम-हनुमानाची ‘अर्धा आणा’ नाणी नंतरच्या काळात हौसेखातर पाडलेली आहेत. ते देवघरात ठेवावे, विकायला काढू नये. त्याच्या जाहिराती पाहून फोन केलात, तर समोरचा माणूस आधी नोंदणी शुल्क किंवा कर मागेल. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली होती : ती या व्यवहारात पडत नाही, कसलेही शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार तिने दिलेला नाही.

गिरगावकर :
दोघांचेही मनापासून आभार. फारसी रुपयावर भिंगातून अंकुशासारखी आकडी दिसली. आता दोन शंका उरतात. आम्ही दोघे भावंडे आहोत आणि आई हयात आहे, तर मी एकट्याने विक्री करू शकतो का? आणि त्यावर कर लागेल का?

सनदी लेखापाल, विलेपार्ले :
मृत्युपत्र नसेल तर आई, आपण आणि आपले भावंड हे तिघेही समान वारस आहात. बहीण असली तरी तिचा हिस्सा तेवढाच आहे. म्हणून आधी प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन आणि साल यांसह यादी करावी आणि तिच्याखाली तिघांची लेखी संमती घ्यावी. नंतर कोणाच्या मनात किंतु राहू नये यासाठी हे कागद व्यवहाराइतकेच महत्त्वाचे आहेत.

वारसा मिळाल्याबद्दल कर नाही, विक्रीतील भांडवली नफ्यावर मात्र लागू शकतो. पूजेत ठेवलेली नाणी ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून वगळता येतील, अशी अनेकांची समजूत असते. परंतु १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूजेतील चांदीच्या नाण्यांबाबतच हा युक्तिवाद अमान्य केला होता. वडिलांनी नाणी १ एप्रिल २००१ पूर्वी घेतली असतील तर त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेऊ नये. पैसे धनादेशाने किंवा खात्यावरच घ्यावेत.

नाणकप्रेमी, ठाणे :
विक्रीविषयी राहिलेले लिहितो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवता येत नाही. म्हणून परदेशातील ग्राहकाने कितीही मोठा आकडा सांगितला तरी नाणे टपालात घालू नका. देशात विकताना व्यापाऱ्याकडे पुरावशेषांच्या विक्रीचा परवाना आहे का, ते विचारावे.

सर्वसाधारण रुपये, भोकाचे पैसे आणि वाघाचे रुपये यांसाठी लिलावाची खटपट व्यर्थ आहे. ते नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवून विकावेत. अंकुशी रुपया, एखादी उत्तम शिवराई आणि १९११ चा रुपया निघाल्यास तो, एवढीच निवडक नाणी मुंबईतील नाणे-लिलाव संस्थेकडे न्यावीत. तेथे राखीव किंमत (जिच्याखाली नाणे विकले जाणार नाही ती) किती, विक्रेत्याकडून कमिशन किती आणि नाणे न विकल्यास काही आकारणी होते का, हे लेखी घ्यावे. त्याआधी अशाच नाण्यांच्या झालेल्या लिलावांतील अंतिम बोली पाहाव्यात. विक्रेत्यांनी संकेतस्थळांवर मागितलेल्या किमती आधाराला घेऊ नयेत, कारण मागणाऱ्याला कोणताही आकडा मागता येतो. अंकुशी रुपयाची खात्री स्वतंत्रपणे करायची असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. नाण्याची स्वच्छ छायाचित्रे आणि वजन घेऊन तेथील अभ्यासकांचे मत घ्यावे.

तोपर्यंत प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. पावसाळा तोंडावर असल्याने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बममध्ये ही नाणी भरू नका, कारण त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो.

गिरगावकर :
यादी आणि छायाचित्रे या आठवड्यात पूर्ण करतो. अंकुशी रुपया मात्र आईने विकू नये असे सांगितले आहे, आणि आम्हा भावंडांनाही ते मान्य आहे. बाकीच्या नाण्यांची छायाचित्रे येथेच देईन. सालाजवळच्या ठिपक्यांचे प्रकार ओळखण्यास कृपया मदत करावी.