मदत हवी आहे: झॉम्बीच्या नाटुकल्यात काकांना कोणती भूमिका देऊ?

मंडळी, इंदूरहून लिहितेय. गणपतीत कॉलनीत वीस मिनिटांचं झॉम्बी-नाटुकलं बसवतोय. जागा रात्रीचा सराफा, म्हणजे इथला सोनारबाजार, जिथे रात्री खाऊगल्ली भरते: सोन्याच्या पेढ्या बंद, कढईत भुट्ट्याचा कीस, आणि एक जण द्रोण टाकून शेजाऱ्याच्या दंडालाच चावतो.

अडचण काकांची. बँकेतून निवृत्त झालेत, गुडघे दुखतात, पण नायकच व्हायचंय. माझं मत, या प्रकारात नायकापेक्षा बाजूचा माणूस भाव खातो. ‘ट्रेन टू बुसान’ या कोरियन सिनेमात (२०१६) नायक गोंग यू, पण लक्षात राहतो तो गरोदर बायकोसाठी नुसत्या हातांनी झॉम्बी अडवणारा मा दोंग-सोक. ‘द वॉकिंग डेड’चा डॅरिल तर मूळ कॉमिकमध्ये नव्हताच, मालिकेसाठी घडवला, पण ते काम करणाऱ्या नॉर्मन रीडसला वगळून ती मालिका मला तरी आठवत नाही. आपल्या ‘झोंबिवली’तही (२०२२) मला अमेय वाघच जास्त जवळचा वाटला.

हे काकांना पटवू कसं? त्यांना खुर्चीत बसूनच टाळ्या मिळतील अशी भूमिका सुचवा ना! आणि त्यांना चावा सुरुवातीला घेऊ की शेवटी? पोरं सगळी झॉम्बी व्हायला तयार आहेत, ती चिंता नाही. तालीम रविवारी आहे.