शिली-शॅली म्हणजे आपलं तळ्यात-मळ्यात का?

फोंडाकाठची टीचर: नववीला इंग्रजी शिकवते. काल धड्यात 'शिली-शॅली' आलं नि मीच अडखळले. 'तळ्यात-मळ्यात' सांगून वेळ मारून नेली. चाललं का? असे जुने शब्द आणखी कुठले?

माडाखाली: चाललं की! मूळ 'शॅल आय, शॅल आय', म्हणजे 'करू का, करू का' असं स्वतःलाच विचारत बसणं. तसंच इंग्रजीतलं 'हम अँड हॉ' तर उत्तर देताना नुसतं घसा खाकरणं. आपलं 'का कू' त्याचंच भावंड.

बांगडेप्रेमी: माझं आवडतं, इंग्रजी म्हणीतलं मांजर. मासा हवा, पण पाय भिजवायचे नाहीत! इंग्रज लेखक जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणसंग्रहात आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली लेडी मॅकबेथही कचरणाऱ्या नवऱ्याला त्याच मांजराचा टोमणा मारते. (आमचं मांजर निराळं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बांगडे आले की भर पावसात फाटकापर्यंत धावतं, मग ओल्या पायांनी सोप्यावर नक्षी.)

फोंडाकाठची टीचर: मांजरच सांगते उद्या. आज एकजण म्हणाला, "टीचर, निबंध सोमवारी दिला तर?" ते शिली-शॅली नव्हे, शुद्ध आळस.