स्टेज ३, ग्रेड सी: हिरड्यांचा चार्ट कसा वाचायचा?

कळवा_खाडी
आईच्या (वय ५८) हिरड्या ठाण्यात तपासल्या. कागदावर 'पेरिओडोंटायटिस (हिरड्या आणि दाताभोवतालच्या हाडाचा आजार), स्टेज ३, ग्रेड सी' लिहिलंय. दुखत काही नाही, दात एकही हलत नाही, ब्रश करताना रक्त येतं एवढंच. चार्टमध्ये सगळ्यात वाईट आकडे ४६ नंबरच्या दाढेचे आहेत: गालाकडून ३-२-५, जिभेकडून ४-३-६, रिसेशन (हिरडी सरकणं) १. शेजारच्या दातांनाही ४-५ आहेत. ओपीजीवर (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) हाड जास्तीत जास्त ४० टक्के झिजलंय. डायबेटिस आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.८. दोन दाढा पूर्वी किडल्या म्हणून काढल्या. सिगारेट नाही, मिश्री मात्र बरीच वर्षं.
दुखत नसताना थेट तिसरी स्टेज कशी? आणि हे 'सी' काय प्रकरण आहे?

तीन_मिलिमीटर
हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून दुखण्यावरून स्टेज ठरत नाही. ती ठरते दाताची पकड किती सुटली यावरून.

४६ म्हणजे खालची उजवी पहिली दाढ. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी माप घेतात, तीन बाहेरून आणि तीन आतून. २८ दात असतील तर १६८ आकडे. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली प्रोब हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद सरकवतात. १ ते ३ मिमी ठीक, ४ पासून पॉकेट, म्हणजे खोल झालेली फट.

पण नुसतं पॉकेट बघून फसायला होतं. जिभेकडचा शेवटचा ६ घ्या. तिथे हिरडी १ मिमी सरकलेलीही आहे, म्हणजे पकड ६ + १ = ७ मिमी सुटली. चार्टवर यालाच सीएएल म्हणतात. दाताचं पांढरं आवरण संपून मूळ सुरू होतं, त्या रेषेपासून हे माप धरतात. उलटही होतं: हिरडी सुजून वर चढली की प्रोब ५ दाखवते, पण खाली पकड शाबूत असते. हाड सुरक्षित आणि फक्त हिरडी लाल, सुजलेली, रक्त येणारी असेल तर ती जिंजिवायटिस, आणि ती पूर्ण बरी होते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हाड झिजल्यावर मात्र ही सवलत संपते.

आता स्टेज. दोन दातांच्या मधल्या भागातली सगळ्यात वाईट जागा धरतात. जोरात ब्रश घासून गालाकडे मधोमध हिरडी सरकली असेल तर ती यात मोजत नाहीत. १-२ मिमी पकड सुटली आणि हाड १५ टक्क्यांपेक्षा कमी गेलं तर पहिली. ३-४ मिमी आणि ३३ टक्क्यांपर्यंत असेल तर दुसरी. ५ मिमीपासून पुढे आणि हाड मुळाच्या पहिल्या तृतीयांशाच्याही पलीकडे गेलं की तिसरी. तुमचे ७ मिमी आणि ४० टक्के दोन्ही तिथेच बसतात. चौथीत नुकसान एवढंच असतं, पण या आजाराने पाच किंवा जास्त दात गेलेले असतात, नाहीतर पुढचे दात पंख्यासारखे पसरून चावणंच बिघडलेलं असतं. किडीने गेलेल्या दोन दाढा या हिशेबात येत नाहीत.

वाशीवाली
स्टेज म्हणजे आजवर किती गेलं, ग्रेड म्हणजे किती वेगाने जातंय. जुने एक्स-रे नसतील तर झिजलेल्या हाडाचे टक्के भागिले वय करतात. ४० ÷ ५८ = ०.६९. ०.२५ च्या खाली ए, ०.२५ ते १ बी, १ च्या वर सी. म्हणजे मुळात आईंची ग्रेड बी. पण एचबीए१सी ७ किंवा जास्त असेल तर ती सी होते. डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटींनीही सीच होते. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो, ते वेगळंच.

ग्रेड ठरवायच्या या तक्त्यात मिश्री कुठेच नाही, हिशेब फक्त सिगारेटचा. तक्ता आपल्याकडच्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही, हे उघड आहे. मिश्री जिथे चोळली जाते तिथे हिरडी सरकते. गालाच्या आतला आणि जिभेखालचा भाग पांढऱ्या चट्ट्यांसाठी मुद्दाम बघून घ्या. बीपीसाठी अमलोडिपिन सुरू असेल तर तेही सांगा, त्याने काहींच्या हिरड्या वाढतात.

साखर आणि हिरड्या एकमेकांना ओढतात. हिरड्यांचे उपचार नीट झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.३ ते ०.४ ने उतरतो. फार नाही, पण ७.८ ला तेवढाही कामाचा.

कळवा_खाडी
समजलं. डॉक्टरांनी डीप क्लिनिंग (हिरडीखालची सफाई) सांगितलंय. शेजारच्या काकू म्हणतात, त्याने दात हलायला लागतात. आणि आधी अँटिबायोटिकचा कोर्स घ्यावा का?

खुर्चीच्या_मागे
काकूंना जे दिसतं ते खरं आहे, कारण मात्र उलटं. कीटण दातांच्या मध्ये सिमेंटसारखं भरलेलं असतं. ते निघालं आणि सूज उतरली की फटी उघड्या पडतात, दात लांब दिसतात, गार पाणी झोंबतं. झीज आधीच झालेली असते, फक्त झाकलेली. झोंबण्यावर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट काही आठवडे वापरायची.

अँटिबायोटिक सरसकट देत नाहीत. पॉकेटमधला जंतूंचा थर मुळाला चिकटून असतो, तो हाताने किंवा मशीनने खरवडूनच निघतो. मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून खाल्लं की चार दिवस सूज उतरते आणि आजार मुक्कामाला राहतो.

डीप क्लिनिंग भूल देऊन, बहुधा दोन ते चार बैठकांत करतात. डायबेटिस आहे, तेव्हा सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच जा. ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, आधी सांगा. नंतर गुळण्यांसाठी क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के दिलं तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्ट आणि ते यांत अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाने त्याचा असर कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी पडतात.

खरं काम घरी. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून छोटे झटके. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश: जोर न लावता आत जाईल पण किंचित अडेल असा आकार, आणि एकाच तोंडात दोन-तीन आकार लागू शकतात. तार दाताला घासत असेल तर आकार चुकला. सुरुवातीला रक्त येईल म्हणून थांबायचं नाही, आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतं.

तीन_मिलिमीटर
एक राहिलं. तीन महिन्यांनी पुन्हा पूर्ण चार्ट मागा, नुसतं 'छान आहे' ऐकून परत येऊ नका. ४६ चा तो ६ उतरून ४ झाला आणि तिथे रक्त नसेल तर काम झालं. ४ ला रक्त येत असेल किंवा ५ राहिलं तर पुन्हा खरवडणं. ६ तसाच राहिला तर फ्लॅप ऑपरेशनचा (हिरडी उघडून आतली सफाई) विषय निघतो. कागदावर 'स्टेज ३' मात्र कायम राहील, गेलेली पकड आपोआप परत येत नाही. पुढे 'स्थिर' हा शब्द लिहून घ्यायचाय.

नेरूळ_पश्चिम
हिरड्यांचे तज्ज्ञ एकाच ठिकाणी हवे असतील तर डेंटल कॉलेज बघा. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ. ठाण्याहून पनवेल लोकल दोन्हीकडे थांबते. केसपेपर काढताना पेरिओडोंटिक्स विभाग सांगा. ओपीजी आणि एचबीए१सीचा कागद सोबत ठेवा. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ लागतो. सकाळी लवकर गेलेलं बरं.