एमएमए लढवय्यांचं मानधन: आधी विन बोनस काढा

हिशेबी
एमएमए म्हणजे मुक्के, लाथा आणि कुस्ती असं सगळं चालणारी मिश्र लढत, आणि यूएफसी ही अशा लढती भरवणारी सर्वात मोठी कंपनी. तिथल्या नव्या लढवय्याचा ‘१२ आणि १२’चा करार घेऊ. उतरल्याबद्दल १२ हजार डॉलर, जिंकलात तर आणखी १२ (हाच विन बोनस). आता हरलेल्याचा हिशेब मांडा. १२ हजार, वर पोशाखाच्या प्रायोजकाचे ४ हजार, झाले १६. परदेशी असेल तर अमेरिकेत ३० टक्के कर आधीच कापतात (कर-कराराची सवलत नसेल तर), उरले ११,२००. मॅनेजर आणि जिम मानधनाच्या १०-१० टक्के घेतात असं धरलं की हातात ८,८००. यातूनच आठ आठवड्यांचा सराव-कॅम्प, फिजिओ, आहार, जादा कॉर्नरमनचं (फेऱ्यांच्या मधे सूचना देणाऱ्या साथीदाराचं) तिकीट. अशा लढती वर्षाला दोन, फार तर तीन.

म्हणून म्हणतो, आधी विन बोनस काढा आणि ती रक्कम मूळ मानधनात घाला. तीन फेऱ्यांनंतर दोन पंच २९-२८ लाल कोपऱ्याला देतात, तिसरा २९-२८ निळ्याला. पहिल्या दोघांपैकी एकाने एकच अटीतटीची फेरी उलटी दिली असती, तर लालवाल्याचे निम्मे पैसे गेले असते. मार तेवढाच, मेहनत तेवढीच.

पडदाबांध
असहमत. विन बोनस काढला तर प्रमोटर (लढती भरवणारी कंपनी) सरळ २४ देणार नाही, १५-१६ वर आणून ठेवेल. शिवाय जोखीम कोणाची? अफ्लिक्शन या कपड्यांच्या कंपनीने मोठी मानधनं देऊन एमएमए सुरू केलं आणि दोन कार्यक्रम करून २००९ मध्ये गाशा गुंडाळला. प्रमोटरच बुडाला की मानधन शून्य. प्रेक्षक पैसे टाकतात ते मुख्य लढतीसाठी, पहिल्या प्राथमिक लढतीसाठी नाही.

तिसरी_फेरी
पडदाबांध, अफ्लिक्शनचं उदाहरण यूएफसीला लागू होत नाही. २००१ मध्ये २० लाख डॉलरला घेतलेली कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. २०२६ पासूनचा पॅरामाउंटशी प्रक्षेपण करार सात वर्षांचा, ७७० कोटी डॉलरचा आहे. लढवय्यांनी यूएफसीवर २०१४ मध्ये भरलेल्या खटल्यातल्या कागदपत्रांतून लढवय्यांचा वाटा उत्पन्नाच्या साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी दिसला. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंना जवळपास निम्मा मिळतो, कारण तिथे संघटना आहे आणि करार संपल्यावर दुसरा संघ बोली लावतो. इथे यूएफसीच्या मालकांनी प्रतिस्पर्धी प्राइड २००७ मध्ये आणि स्ट्राइकफोर्स २०११ मध्ये विकत घेतलं. गिऱ्हाईकच एक उरलं, तर भाव तेच ठरवणार.

पडदाबांध
मग संघटना करा की! कोणी अडवलंय?

तिसरी_फेरी
कायदाच अडवतो. लढवय्ये कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’. अमेरिकी कामगार कायद्याने संघटनेचा हक्क कर्मचाऱ्याला मिळतो, कंत्राटदाराला नाही. उलट कंत्राटदारांनी एकत्र येऊन दर ठरवले तर स्पर्धाविरोधी कायद्याचाच बडगा बसू शकतो. २०१८ मध्ये यूएफसीची लढवय्यी लेस्ली स्मिथने संघटनेसाठी सह्या गोळा करायला ‘प्रोजेक्ट स्पीअरहेड’ उभं केलं. त्याच वर्षी तिची प्रतिस्पर्धी वजनात बसली नाही, लढत झाली नाही. यूएफसीने तिला उतरण्याचे आणि जिंकण्याचे दोन्ही पैसे दिले आणि करार पूर्ण झाला असं धरलं. पैसे मिळाले, जागा गेली. हे पाहिल्यावर बाकीचे सह्या कशाला करतील?

कॉर्नरचा_आवाज
मला दोघांचंही अर्धंच पटतं. बोनसपेक्षा मोठी अडचण करारातून बाहेर पडण्याची. जेतेपद मिळालं की करार आपोआप लांबतो, म्हणजे भाव सर्वाधिक असतानाच दार बंद. हेवीवेट विजेता फ्रान्सिस एन्गानू २०२३ मध्ये यूएफसीतून सुटला तो पाच वर्षांच्या मुदतीच्या कलमामुळे, आणि पीएफएल या दुसऱ्या एमएमए कंपनीत गेल्यावर त्याने प्रतिस्पर्ध्याला किमान २० लाख डॉलरची हमी मागून घेतली. बॉक्सरांच्या संरक्षणासाठीचा अमेरिकेचा २००० सालचा अली कायदा एमएमएला लावा, म्हणजे लढतीतून प्रमोटरला किती मिळाले ते लढवय्याला कळेल. आकडा माहीत नसताना घासाघीस कशी करायची?

पडदाबांध
अली कायदा असूनही बॉक्सिंगच्या चार फेऱ्यांच्या लढतीत फार कमी पैसे मिळतात. वरच्यांना कोट्यवधी, खालच्यांना चिल्लर. यूएफसीचा नवखा त्यापेक्षा बरा.

हिशेबी
हे मान्य, अली कायद्यात किमान मानधनाची तरतूद नाही. म्हणून तर हमीच्या रकमेवर अडून बसलोय. २०१४ चा खटला ३७.५ कोटी डॉलरवर मिटला (न्यायाधीशांनी आधीची ३३.५ कोटींची तडजोड फेटाळली होती), पण तो पैसा २०१० ते २०१७ मध्ये लढलेल्यांचा. पुढच्यांचा खटला वेगळा आहे. तडजोडीने जुनी थकबाकी मिटली, उद्याच्या करारातलं ‘१२ आणि १२’ तसंच राहिलं.